धाकट्याच्या बाजूने कोण बोलणार?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मूळ प्रश्न तू एका ओळीत विचारलास: थॅलेसेमिया झालेल्या लेकाला वाचवायचं म्हणून, ज्याचा बोनमॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा भाग) त्याला जुळेल असा भ्रूण निवडून दुसरं मूल जन्माला घालणं बरोबर आहे का? बाकीचं सगळं पत्र आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च, डॉक्टरांच्या तारखा आणि सासरच्या बोलण्याने भरलंय. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त चढवतात त्या डे केअरमध्ये समुपदेशक म्हणून माझं आयुष्य गेलं. बरोबर काय आणि परवडतं काय हे प्रश्न तिथे कधी वेगळे आलेच नाहीत, म्हणून मीही दोन्ही एकत्रच लिहिते.

आधी गणित नीट समजून घे, कारण क्लिनिकमध्ये ते फार भराभर सांगतात. तुम्ही दोघं मायनर, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी मूल मेजर, म्हणजे तुझ्या लेकासारखं आजारी असण्याची शक्यता चारात एक. सख्ख्या भावंडांचं एचएलए, म्हणजे बोनमॅरो जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एक. थॅलेसेमियाचा दोष अकराव्या गुणसूत्रावर, एचएलए सहाव्या गुणसूत्रावर, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणजे सरासरीने १६ भ्रूणांमधले ४ मेजर निघणार. राहिलेल्या १२ पैकी तुझ्या लेकाशी जुळणारे फक्त ३. आयव्हीएफच्या एका खेपेत तपासण्याजोगे १६ भ्रूण क्वचितच कुणाला मिळतात, आणि जुळलेला प्रत्येक भ्रूण रुजेलच असंही नाही. काही खेपा रिकाम्या जाऊ शकतात, हे धरूनच चाल.

आता ते उरलेले ९ बघ. त्यांना मेजर नाही, पण दादाच्या उपयोगाचे नाहीत. तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल अक्षरही नाही. ते गोठवून ठेवायचे का? आपल्या २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यानुसार दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात. पुढे काय? आणि पहिल्या खेपेत जुळणारा एकही आला नाही, फक्त असा एखादा निरोगी भ्रूण आला, तर तो पोटात वाढवशील का? याचं उत्तर तुम्ही दोघांनी आयव्हीएफच्या सुया सुरू होण्याआधी द्यायचं. ‘हो, तेही आमचंच’ असं आतून येत असेल, तर मला तुमची काळजी नाही. ‘नाही, पुन्हा प्रयत्न करू’ असं आलं तरी मी तुला दोष देणार नाही. पण मग किती वेळा, तो आकडा आजच ठरवा आणि लिहून ठेवा. नंतर तो आकडा थकवा आणि कर्ज ठरवतात.

जगात हा वाद जुना आहे. अमेरिकेत २००० मध्ये फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी असा भाऊ निवडून जन्माला घातला, आणि त्याच्या नाळेतलं रक्त तिला दिलं. ब्रिटनमध्ये २००१ साली लीड्सच्या एका कुटुंबाला थॅलेसेमियासाठी परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कुटुंबाला तिथल्या नियामक संस्थेने नकार दिला, कारण त्यांच्या मुलाचा आजार आनुवंशिक दिसत नव्हता. म्हणजे भ्रूणाची तपासणी त्या भ्रूणाच्या स्वतःच्या भल्याची नव्हती, फक्त भावाच्या भल्याची होती. ते शिकागोला गेले. २००४ मध्ये ब्रिटनने तो नियम सैल केला आणि २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा निवडीला कायद्याचा आधार आहे असा निकाल दिला. आपल्याकडे अहमदाबादच्या एका दांपत्याने हेच केलं. मुलगी २०१८ मध्ये झाली आणि मार्च २०२० मध्ये तिचा बोनमॅरो थॅलेसेमिया असलेल्या भावाला दिला. तिचं वजन पुरेसं होईपर्यंत ते थांबले होते.

आपला कायदा भ्रूणाची तपासणी ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करू देतो. तुमच्या बाबतीत तो आजार आहेच. एचएलए जुळवणीबद्दल मात्र क्लिनिककडून सगळं लेखी घे. आणि घरात ‘आता निवडतोच आहोत तर मुलगाच’ असं कुणी म्हणालं, तर तो विषय तिथेच बंद कर. तो गुन्हा आहे. बोनमॅरोला मुलगा-मुलगी काही लागत नाही.

ब्रिटनमधला तो सगळा वाद मी वेळोवेळी वाचत आले. भ्रूण निवडावा की नाही यावर सगळे तावातावाने बोलले, जन्मलेल्या मुलाच्या पुढच्या वाढदिवसांबद्दल मात्र फार थोडं बोललं गेलं. माझं मत विचारशील तर, मूल कशासाठी हवं होतं यावर त्या मुलाचं नशीब ठरत नाही. माणसं म्हातारपणाच्या आधारासाठी, घराण्याच्या नावासाठी, सासूच्या आग्रहासाठी मुलं जन्माला घालतात आणि पुढे त्यांच्यावर जीव टाकतात. भावाचा जीव वाचावा हा हेतू त्या सगळ्यांपेक्षा नक्कीच हलका नाही. म्हणून निवड करणं मला चूक वाटत नाही. पण आल्यानंतर त्या मुलाच्या अंगातून काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे आई-बापांनी आधी ठरवलेलं नसलं, तर मी विरोधात आहे.

नाळेतल्या रक्ताने बाळाला काही होत नाही, पण मोठ्या मुलासाठी ते बऱ्याचदा अपुरं पडतं. मग बाळ दहा-बारा किलोचं होईपर्यंत थांबायचं, आणि भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून बोनमॅरो काढायचा. तो काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. मोठा धोका नसतो, पण भूल ही भूलच. त्या दिवशी वॉर्डात जाऊन बघ: कमरेवर मागे चिकटपट्टी, आणि पोर दुखण्यापेक्षा दुधासाठी रडतंय, कारण भुलीसाठी उपाशी ठेवलेलं असतं. आई तिथे नसते. ती मोठ्याबरोबर बोनमॅरो ट्रान्सप्लांटच्या बंद खोलीत असते, बहुतेक वेळा महिनाभर. धाकटं मावशीकडे नाहीतर आजीकडे. म्हणून माझी पहिली अट: त्या महिन्यात धाकट्याचं म्हणून एक माणूस हवं, ज्याला दादाच्या प्लेटलेट्सचं काही पडलेलं नसेल. दुसरी अट: धाकट्याचा डॉक्टर वेगळा हवा. ट्रान्सप्लांट करणाऱ्या डॉक्टरचं सगळं लक्ष मोठ्याकडे असतं, असायलाच हवं. पण ‘आज या बाळाला सर्दी आहे, आज भूल नको’ असं ठणकावून म्हणणारा कुणीतरी हवा.

तिसरी अट सगळ्यात कठीण. बोनमॅरो एकदा. पहिलं रुजलं नाही आणि दुसऱ्यांदा मागितलं, तर त्या वेगळ्या डॉक्टरने हो म्हटलं तरच. उद्या कुणी किडनीबद्दल बोललं तर नाही. हे दोघांनी सह्या करून कागदावर ठेवा. कायद्यात त्या कागदाला काही किंमत नसेल, पण रात्री दोन वाजता मोठ्याच्या रक्तपेशींचे काउंट कोसळलेले असताना तुम्हाला स्वतःचेच शब्द दिसतील.

चांगल्या केंद्रात, लहान वयात, लिव्हर आणि सतत रक्त चढवल्याने साचणारं लोह आटोक्यात असताना सख्ख्या भावंडाचा पूर्ण जुळणारा बोनमॅरो दिला, तर दहापैकी आठ-नऊ मुलं थॅलेसेमियातून सुटतात. उरलेल्या एक-दोघांची घरंही मी पाहिली आहेत. एका घरी, अगदी नैसर्गिकपणे जन्मलेली धाकटी जुळली होती, ट्रान्सप्लांट झालं, पण रुजलं नाही. नंतर भेटायला येणारे नातेवाईक तिच्यासमोर म्हणायचे, ‘हिचं लागू पडलं नाही.’ चार वर्षांची पोर ती. तिने आईला विचारलं, ‘माझं रक्त वाईट आहे?’ आईने त्या दिवसापासून घरात ते वाक्य कुणाला उच्चारू दिलं नाही. तूही आत्तापासून ठरव, बरं झालं तर काय सांगायचं आणि नाही झालं तर काय. बरं झालं तरी ‘तू दादाला वाचवायला आलीस’ हे ओझं सात वर्षांच्या खांद्यांना जड होतं. लपवू नका, पण रोज आरतीही करू नका.

क्लिनिकच्या घाईने घाबरू नकोस. वय वाढलं आणि लोह साचलं की ट्रान्सप्लांट अवघड होतं, हे खरं. पण दर तीन-चार आठवड्यांनी वेळेवर रक्त आणि लोह उतरवायचं औषध न चुकता, एवढं झालं तर मुलं शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न सगळं करतात. आमच्या डे केअरला लहानपणी आलेले काही जण आज स्वतःच्या मुलांना शाळेत सोडून रक्त चढवायला येतात. स्वतःच्याच पेशींतले जनुक दुरुस्त करून परत देण्याच्या कॅसजेव्ही या उपचाराला जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत थॅलेसेमियासाठी मान्यता मिळाली. त्यात कुणाच्या भावंडाची गरज नाही. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आज तुझ्या-माझ्यासाठी नाहीच. त्याची वाट बघत बस असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते, की विचार करायला तुझ्याकडे महिने आहेत, फक्त फेरिटिन, म्हणजे अंगात साचलेल्या लोहाचं माप, खाली ठेव.

आणखी एक. तुला दुसरं मूल एरवीही हवं होतं का? असेल, तर आयव्हीएफशिवायही रस्ता आहे. नेहमीसारखं गरोदरपण, दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेची तपासणी, मेजर नसेल तर पुढे, आणि जुळतंय का ते नंतर बघू. जुळण्याची खात्री नाही, पण नकोशा झालेल्या भ्रूणांचा हिशेबही नाही. मेजर निघालं तर काय, हा प्रश्न मात्र तिथे फार जवळून अंगावर येतो, आणि त्याला मी वरवरचं उत्तर देणार नाही. त्यावर समोरासमोर बोलू.

त्याआधी तीन कामं उरक. नोंदणीकृत दात्यांच्या यादीत लेकाचं मॅचिंग झालंय का ते विचार. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून बोनमॅरो ट्रान्सप्लांटला दहा लाखांपर्यंत मदत मिळते. तिचे निकष आणि सहभागी हॉस्पिटलांची यादी बघून घे. आणि ट्रान्सप्लांटच्या औषधांनी लेकाला पुढे स्वतःची मुलं होण्यावर काय परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. ते आपणहून सांगतीलच असं नाही.

येताना गेल्या वर्षभराचे फेरिटिनचे रिपोर्ट आण, आणि नवऱ्याला घेऊन ये. तुझ्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही, ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
ताई