तालमीला न जाणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं. सरकारी जाहिरात आली की अर्ज भरतो, बाकी दिवसभर खोलीत. पहाटेपर्यंत मोबाईल, दुपारी बाराला उठतो. जेवण निम्म्यावर आलंय. देवळाच्या उत्सवातल्या नाटकात शाळेत असल्यापासून काम करायचा, यंदा तालमीला जाणार नाही म्हणाला. ह्यांचा टिपर (खनिज वाहणारा ट्रक) होता, खाणी बंद झाल्यावर विकावा लागला. आता दुसऱ्याच्या गाडीवर जातात. घरी आले की बापलेकांची वादावादी. ओळखीचा एकजण म्हणतो, पैसे दिले तर सरकारी खात्यात चिकटवतो. दागिने मोडू का?
— एक आई, साखळी (गोवा)

उत्तर : वहिनी, दागिन्यांचं आधी सांगते. मोडू नका. नोकरी लावतो म्हणून पैसे उकळल्याच्या किती तक्रारी २०२४ च्या अखेरीस गोव्यात पोलिसांकडे गेल्या, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. सोनं तर जाईलच, वर ते आपल्यापायी गेलं हे त्या पोराच्या मनाला लागून राहील. त्या माणसाला पुन्हा उंबरा चढू देऊ नका.

आता मुलगा. पत्रात तुमचा सगळा राग मोबाईलवर आहे. मी मात्र तालमीच्या वाक्याशी अडले. डिचोली तालुक्यात मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. मार्क घसरले की आईबाप धावत शाळेत यायचे. मुलगा फुटबॉलला जायचा बंद झाला, मुलीने पेटी उघडणं सोडलं, म्हणून मात्र कोणी येत नसे. आवडती गोष्ट सुटणं, झोप उलटीपालटी होणं, जेवण तुटणं, हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर त्याला आळस म्हणून सोडून देऊ नका. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

त्याच्याशी बोलताना नोकरीचा विषय काढू नका. रात्री तो जागा असतोच, तेव्हा चहा घेऊन जा आणि विचारा, ‘तुला आतून कसं वाटतंय?’ तो गप्प राहिला तरी बसा. जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्याने तसं मनात भरतं ही भीती खोटी आहे. उलट, बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटा सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो करणार नसेल तर तुम्ही करा, आईने केलेला फोनही ते घेतात. बांबोळीला गोवा मेडिकलशेजारी मानसोपचार संस्था आहे. तिथे गेलं की लोक काय म्हणतील, हा विचार मनात येईल. तरी जा.

आणि त्याचे वडील. खाणी २०१२ साली थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यावर सगळं ठप्प झालं. कर्ज काढून घेतलेले टिपर दारात गंजताना आपल्या भागाने पाहिले. ज्याने स्वतःचा धंदा असा बसताना पाहिला तो ‘सरकारीच बघ’ म्हणणारच. ते ओरडतात, पण त्यामागे भीती आहे. आणि गाडी विकली गेली तेव्हा तुमचा मुलगा शाळकरी होता, त्यानेही ते सगळं पाहिलं. त्या दिवसांबद्दल बापलेक कधी एकमेकांशी बोललेत का? नसतील, असं मला पत्रावरून वाटतं. त्याच्या वडिलांना माझं उत्तर वाचायला द्या.

तालमीचं कारण मला असं दिसतं : तिथे रोज दहाजण भेटणार आणि दहाहीजण विचारणार, ‘कितें करता रे आतां?’ उत्तर नसलेल्या मुलाला हा प्रश्न नको होतो. म्हणून तुम्ही आग्रह करू नका, नाटक बसवणाऱ्यांना गाठा. त्यांनी घरी यावं आणि भूमिका नको, प्रॉम्प्टिंगला ये, एवढंच म्हणावं. प्रॉम्प्टर विंगेत असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण त्याच्याविना तालीम अडते. आणि मंडळींना बजावून ठेवावं की नोकरीची चौकशी कोणी करायची नाही.

देवस्थान समित्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. आपल्या गावांतून उत्सवाचं मराठी नाटक म्हणजे महिना-दीड महिना रोज रात्री सोळा वर्षांचा पोरगा आणि साठीचा गृहस्थ एका चटईवर बसतात. संध्याकाळी पैसे न मोडता बसावं अशी दुसरी जागा साखळीत काय, डिचोलीत काय, तरुणांना किती आहे? बसस्टँडचा कठडा किंवा बार. कुठे कुठे आता बाहेरची नाटक कंपनी ठरवून मोकळे होतात. खर्च परवडतो म्हणून तसं करू नका. आणि उत्सव संपल्यावरही मंडप रात्री नऊपर्यंत उघडा राहू दे, एक कॅरम आणि दिवा ठेवा.

अर्ज त्याने भरत राहावेत. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची तयारी करायला हरकत नाही. पण आधी झोप, जेवण आणि डॉक्टर. महिन्याने मला पुन्हा लिहा.

प्रश्न : मी १९ वर्षांची, सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली. कॉलेजनंतर वाळपईत कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं आहे, पण तो सुटतो तेव्हा गावाकडची शेवटची बस गेलेली असते. घरचे म्हणतात, सोड क्लास.

उत्तर : बाय, क्लास सोडू नकोस. त्याच रस्त्यावरच्या आणखी मुली शोध, प्रत्येकीचं नाव, गाव आणि सुटायची वेळ एका कागदावर लिही आणि तो अर्ज गोव्याच्या कदंब बस महामंडळाला द्या, पोच घ्या. अठरा पूर्ण झाल्यावर मतदार यादीत नाव घातलंस ना? मग तू ग्रामसभेची सदस्य आहेस. पुढच्या ग्रामसभेला मैत्रिणींना घेऊन जा, बस अर्ध्या तासाने उशिरा सोडण्याचा ठराव मांड आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. बसचा निकाल लागेपर्यंत क्लासवाल्यांकडे सकाळची बॅच मागून बघ.