खाऱ्या पाण्याची टाकी: मीठ, चुना आणि मे महिना

यावेळी प्रश्न भरपूर आले आणि निम्म्याहून जास्त पाण्याबद्दलच आहेत, ते साहजिकच आहे म्हणा, कारण रीफ टँक, म्हणजे कोरलची (पोवळ्यांची) खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणारा माणूस मासे कमी आणि पाणी जास्त सांभाळत असतो.

"माझी २०० लिटरची टाकी आहे. रोज दोनेक लिटर पाणी उडतं, ते मी मिठाचं पाणी बनवून भरतोय, गेले दोन-अडीच आठवडे. आता लेदर कोरल उघडतच नाहीये, झोअँथिडही (हेही मऊ कोरलसारखेच) मिटलेत. हायड्रोमीटर १.०३१ दाखवतो. बिघडलाय का?" (दादर)

हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून खारटपणा दाखवणारं साधन, बिचारा बरोबर आहे हो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे तुम्ही रोज दोन लिटरमागे ७० ग्रॅम मीठ वरून घालताय, आणि टाकीत मुळात होतं सात किलोच्या आसपास. रोज एक टक्का. सतरा दिवसांत ३५चं ४१ होतं आणि १.०३१ म्हणजे साधारण तेच. भाजीचा रस्सा आटल्यावर खारट का लागतो तेच हे.

आता घाबरून एका दिवसात खाली आणू नका, मी तेच केलं होतं पहिल्या वर्षी आणि दोन कोळंब्या गेल्या, मीठ वाढलं त्यात नाही तर उतरवलं त्यात गेल्या. रोज पाच लिटर टाकीतलं पाणी काढा आणि पाच लिटर बिनमिठाचं आरओ-डीआय पाणी (आरओनंतर रेझिनमधून काढून उरलेले क्षारही घालवलेलं) हळूहळू सोडा, असं सहा दिवस करा, बरोबर ३५ला याल. उडालेल्या पाण्याची भर वेगळी चालू ठेवायची, तीही बिनमिठाचीच. आणि काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला बुडबुडे चिकटून आकडा चढा दिसतो, टिचकी मारून बुडबुडे घालवा, जमलं तर रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून खारटपणा मोजणारा) घ्या आणि तो साध्या पाण्यावर शून्य न करता ३५च्या द्रावणावर लावून घ्या.

"दादा, किचनमधल्या आरओचं पाणी वापरतो. वाळूवर तपकिरी पावडरसारखं साचतंय, पुसलं की परत. मी अकरावीत आहे, बजेट कमी आहे." (नाशिक)

अरे, घरच्या आरओमध्ये पाण्याला चव यावी म्हणून मिनरल काडतूस किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो, कंट्रोलर तर मुद्दाम न गाळलेलं पाणी परत मिसळतो. पिण्यासाठी उत्तम, टाकीसाठी नाही. आपल्याला टीडीएस शून्य हवा. ती पावडर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ, त्याला सिलिकेट लागतं आणि ते आरओच्या पडद्यातून थोडं निसटतंच. अख्खं नवीन मशीन घेऊ नकोस, कंट्रोलर बंद कर, मिनरल काडतूस काढ आणि शेवटी डीआय रेझिनचं एक काडतूस लाव, रंग बदलणारं रेझिन मिळतं, रंग उतरला की बदलायचं. आईला आधी विचार मात्र, सगळ्यांचं पिण्याचं पाणी त्याच नळाचं असेल तर डीआयच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून वेगळी नळी काढ. आणि टाकी नवीन असेल तर हे डायटम काही आठवड्यांत आपोआपही जातात, रोज वाळू उकरत बसू नकोस.

"मे महिन्यात पाणी ३१ वर जातं. चिलर परवडत नाही, बर्फाच्या पिशव्या टाकल्या तर?" (ठाणे)

बर्फ नको. दुपारी ३१, बर्फ टाकला की २७, रात्री परत ३०, हे वरखाली होणं स्थिर २९पेक्षा वाईट. आधी झाकण काढून जाळी लावा, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, पण पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत जेवढं उतरतं तेवढं ठाण्याच्या दमट हवेत उतरणार नाही हे धरून चाला, आणि पाणी जास्त उडेल तेव्हा वरचं दादरवाल्यांचं उत्तर वाचा. दिवे भर दुपारी न लावता संध्याकाळी चारनंतर लावा, कोरलला घड्याळ कळत नाही. चिलर घेतलाच तर तो गरम हवा त्याच खोलीत सोडतो, बंद बेडरूममध्ये ठेवून उपयोग नाही.

यातला खरा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, त्यात लाइट गेली की पंप बंद. माझ्याकडे एका जूनमध्ये वादळात सात तास वीज नव्हती आणि मी गावी. आल्यावर सगळ्यात मोठा मासा, टँग, तळाशी आडवा, छोटे क्लाउन जिवंत. मोठ्याला ऑक्सिजन जास्त लागतो, तो आधी जातो. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप कायम टाकीच्या बाजूला असतो, लाइट गेली की स्वतः चालू होणारा. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) जोडा, चिलर नको.

"दर रविवारी जुहूहून कॅनने समुद्राचं पाणी आणलं तर? मीठ फार महाग पडतं." (अंधेरी)

नाही. किनाऱ्याला सांडपाणी आहे, तेल आहे, आणि पावसाळ्यात नाल्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा कुठच्या कुठे जातो. मिठाची मोठी बादली दोघा-तिघांत घ्या.

"पॅलिथोआ फार पसरलेत. दगड कुकरमध्ये उकळून साफ करू का?" (कोल्हापूर)

अजिबात नाही! या उत्तराला गंमत म्हणून वाचू नका. पॅलिथोआ, म्हणजे झोअँथिडचाच एक प्रकार, आणि इतर काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक, ते साध्या उकळण्याने मरत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. असे दगड उकळून अख्खं कुटुंब दवाखान्यात गेल्याची प्रकरणं परदेशात झालेली आहेत. उकळतं पाणी ओतू नका, मायक्रोवेव्ह नको, कोरड्यावर ब्रशने घासू नका. हातमोजे आणि चष्मा घाला, दगड पाण्यातच बादलीत घ्या, पाण्याखालीच काम करा, डोळ्यात शिंतोडा जाऊ देऊ नका. तोंडाला धातूसारखी चव, थंडी-ताप, धाप लागली तर थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द स्वतःहून सांगा, नाहीतर ते व्हायरल समजतील. आणि तो कुकर वाचला म्हणा.

"मित्र अ‍ॅक्रोपोराचा तुकडा फुकट देतोय. शिवाय मालवणला किनाऱ्यावर मेलेलं पोवळं मिळालं, सजावटीला चालेल?" (पुणे)

दोन्ही नको. अ‍ॅक्रोपोरा हे दगडी कोरल, आणि दगडी कोरल, म्हणजे रीफ बांधणारे सगळे, २००१पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. सी फॅन, काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप हेसुद्धा. समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. मेलेला तुकडासुद्धा त्यातच धरतात, फुकट दिला की विकत घेतला याने फरक पडत नाही. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून विकतात तोही बऱ्याचदा कोरलचा सांगाडाच असतो, त्यापेक्षा बनवलेला सिरॅमिक दगड घ्या. मशरूम, लेदर, झोअँथिड यांच्यावर सुंदर टाकी होते, पण आयात मालाचं बिल मागा, बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बघा, बरंच कळतं. क्लाउनफिश तर आपल्याकडे हॅचरीत वाढवलेले मिळतात, तेच घ्या, ते समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा पटकन खायला लागतात.

"कॅल्शियमसाठी 'काल्कवासर' वापरायचं म्हणतात. ते काय असतं, पानाचा चुना चालेल का?" (सांगली)

नाव जर्मन, वस्तू घरचीच. चुन्याची निवळी! आमची आजी लहानपणी चमच्याने पाजायची तीच. पानाच्या डबीतला चुना मात्र नको, त्यात काय काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. फूड ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर घ्या, लिटरभर आरओ-डीआय पाण्यात दीडेक ग्रॅम, झाकण लावून ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी खाली पांढरा गाळ, मध्ये काचेसारखी निवळी, वर पातळ कुरकुरीत साय. ती साय म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने झालेलं कॅल्शियम कार्बोनेट, ती आणि गाळ सोडून मधलं घ्यायचं. हिचा पीएच बाराच्या वर असतो, हात भाजतो, म्हणून थेंब-थेंब सोडायची, तीही रात्री, कारण रात्री दिवे बंद असल्याने टाकीचा पीएच खाली असतो.

पण तुम्हाला लागते का? एक आठवडा रोज एकाच वेळी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात) मोजा. २.८ डीकेएच उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएम उतरतं, म्हणून अल्कलिनिटीचा आकडा आधी बोलतो. आठ-नऊवर हलत नसेल तर तुमच्या लेदर-मशरूमच्या टाकीला पंधरा दिवसांतून दहा टक्के पाणी बदलणं पुरे, निवळी राहू द्या. रोज अर्धा-एक उतरत असेल, काचेवर जांभळी कोरलाइन (चुन्याचा थर धरणारं शेवाळ) फुटत असेल, तेव्हा आकडे पाठवा, मग बघू किती थेंब ते.