पंधरा वर्षांची गाडी पासिंगला नेताना

जुन्या गाड्या आणि त्यांच्या फिटनेसबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : पेट्रोल वॅगन-आर (९९८ सीसी) घ्यायचं चाललंय. आरसीची पंधरा वर्षं चार महिन्यांत संपतात. मेव्हणे म्हणतात, वॅगन-आर दरवर्षी डोळे मिटून पास होते, बाकी छोट्या गाड्यांचा भरवसा नाही. खरंच मॉडेलवर इतकं असतं का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी ते 'दरवर्षी' काढून टाका. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पंधरा वर्षं चालते. त्यानंतर तपासणी होऊन नूतनीकरण होतं ते एकदम पाच वर्षांसाठी. दरवर्षीची धावपळ टॅक्सीवाल्यांची.

आता मॉडेल. जर्मनीत तपासणीत कोणतं मॉडेल किती टक्के नापास झालं याची यादी दरवर्षी छापून येते. आपल्याकडे तशी यादी निघत नाही, त्यामुळे 'अमुक गाडी पास होतेच' हे मेव्हण्यांचं वाक्य ऐकीव समजा. मॉडेलचा फायदा एवढाच, की वॅगन-आरची रचना साधी आहे, पार्ट छोटी ग्वालटोलीच्या बाजारात हात लांब केला की मिळतात आणि गल्लीतल्या मिस्त्रीलाही ती गाडी पाठ असते. म्हणजे नापास झालीच तर स्वस्तात सुधारते. पास होईल की नाही, ते त्या एका गाडीवर गेल्या तीन-चार वर्षांत काय खर्च झाला त्यावर ठरतं.

आमच्या मते सगळ्यात आधी मागचे ब्रेक बघा. या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. शहरात हळू चालणाऱ्या गाडीत बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून मागचे ड्रम वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. उघडल्यावर साधारण हे दिसतं: लायनिंग काचेसारखं चकचकीत झालेलं, ॲडजस्टर गंजून अडकलेला आणि एखाद्या व्हील सिलिंडरच्या रबरी बुटाखाली ओल. बूट नखाने जरा उचला. आत ब्रेक ऑइल दिसलं तर त्या बाजूचं लायनिंगही गेलं समजा, ऑइल प्यायलेलं लायनिंग घासून सुधारत नाही. तपासणीत चाकं रोलरवर फिरवून डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजतात, त्यामुळे रस्त्यावर 'ब्रेक मस्त लागतो' वाटणारी गाडी तिथे एका चाकावर कमी पडते. शू (लायनिंग ज्यावर बसतं ते) नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. ड्रम घासला असेल तर त्याच्यावर कोरलेल्या कमाल व्यासाशी ताडून बघा, त्याच्या पुढे गेला असेल तर खरादीवर पैसे घालू नका.

हँडब्रेकचंही मूळ तिथेच. लीव्हर दहा-बारा 'टक' वर येत असेल तर बहुतेक मिस्त्री केबल ओढून देतात. ते उलटं काम. आधी ड्रममधले शू ॲडजस्ट करायचे, मग उरलेली ढील केबलला घ्यायची. नुसती केबल ताणली तर शू थोडे लागलेलेच राहतात, ड्रम तापतो आणि महिन्याभरात गाडी परत तिथेच.

पुढच्या बाजूला एका चाकाचा ब्रेक कमी भरला तर पॅड बदलण्याआधी कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून बघा. ग्रीस सुकून पिन जाम झाली की फक्त आतलं पॅड झिजतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

मग गाडी जॅकवर घ्या. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा: खेळ आला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. नऊ आणि तीनला धरून खेळ आला तर टाय रॉड एंड. लोअर आर्मचे बुश फाटलेत का, सीव्ही जॉइंटच्या बुटातून ग्रीस उडालंय का, तेही तेव्हाच दिसतं. यातलं काही बदललं की अलाइनमेंट करावीच लागते, नाहीतर साइड-स्लिप चाचणीत (सरळ जाताना चाकं बाजूला किती सरकतात ते मोजतात) अडकाल. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला.

हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून चालतात, आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर चालत नाहीत. बाजारातले ९०/१०० वॅटचे बल्ब किंवा एलईडी काढून ६०/५५ वॅटचे मूळ बल्ब लावा. पुढचा लोखंडी गार्डही काढा.

गाडी मुंबईकडून इंदुरात आलेली असेल तर खालचा पत्रा जरूर तपासा. खाऱ्या हवेचा गंज रंगाखाली लपतो. क्रॉस मेंबर आणि लोअर आर्म बसतो तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर गाडी सोडून द्या.

आणि सौदा करताना एक अट घाला: विकणाऱ्याने गाडी स्वतःच्या नावावर असतानाच नूतनीकरण करून द्यायचं, उरलेली रक्कम त्यानंतर. चार महिने राहिलेली गाडी स्वस्त असते ती याच खर्चामुळे.

प्रश्न : नूतनीकरणाचा अर्ज किती आधी करावा, आणि फी?
— राजेंद्रनगर

उत्तर : मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त ६० दिवस आधी, फॉर्म २५ वर. मोटारीसाठी फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. मुदत उलटली तर दरमहा ५०० रुपये वर. तपासणीची फी वेगळी. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबरप्लेट तयार ठेवा. चासिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. नंबरावर चिकटा असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा. सँडपेपर अजिबात नको, घासलेला नंबर बघून इन्स्पेक्टरला नको ती शंका येते.

प्रश्न : गाडी छान चालते, ॲव्हरेजही ठीक आहे, तरी पीयूसीत नापास. मशीनच खराब असेल का? पहिल्या मालकाने सीएनजी किट बसवलंय.
— तिलकनगर

उत्तर : मशीनला दोष द्यायच्या आधी आरसीवर गाडी बीएस किती (प्रदूषण-नियमांच्या कोणत्या टप्प्यातली) ते बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, शिवाय सुमारे २,५०० आरपीएमवर लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. थंड गाडी यात हमखास पडते, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. घरातून काढून नाक्यावरच्या पंपावर लगेच उभी करू नका; पंधरा-वीस मिनिटं चालवून, इंजिन बंद न करता नळी लावा.

तरी कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर एअर फिल्टर, प्लग, मग ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने जा. हायड्रोकार्बन एकटाच जास्त असेल तर एखादा सिलिंडर मिस होतोय. लॅम्डा १.०३ च्या वर जात असेल तर सायलेन्सरच्या जोडावर गळती शोधा, बाहेरची हवा आत ओढली जातेय.

किटचं दुखणं मात्र निराळं आहे. ते आरसीवर चढवलेलं नसेल तर गाडी कितीही धडधाकट असो, फिटनेसला अडकणार. चढवलेलं असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. तारीख सिलिंडरच्या प्लेटवर असते.

प्रश्न : डिझेल डिझायर टॅक्सीत चालवतो. दोन वर्षांनी होणारं फिटनेस आता दरवर्षी का सांगतात? धुराचीही अडचण आहे.
— लोकमान्यनगर

उत्तर : व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. नियमच तसा आहे. धुराची मर्यादा बीएस-४ डिझेलला ५० एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप), त्याआधीच्या गाड्यांना ६५. १,२४८ सीसीच्या या इंजिनात इंजेक्टरवर घाई करू नका. आधी टर्बो ते इंटरकूलर हा रबरी होज पूर्ण हाताने चाचपा: चीर खालच्या बाजूला असते आणि तिथे ऑइलचा काळा चिकटा बसलेला असतो. मग काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), मग एअर फिल्टर. हे तिन्ही ठीक असूनही धूर राहिला तरच इंजेक्टर टेस्टिंगला द्या.

प्रश्न : दिल्लीची अकरा वर्षांची डिझेल गाडी निम्म्या भावात मिळतेय. इंदुरात चालेल?
— रामबाग

उत्तर : दहा वर्षांच्या डिझेलवरची अडचण दिल्ली परिसरातली आहे, मध्य प्रदेशात पंधरा वर्षांची नोंदणी पूर्ण चालते. पण नूतनीकरणाआधी तुमच्या हाती उरतात चारच वर्षं, आणि एमपी ०९ नंबर घ्यायचा तर टॅक्स इथे नव्याने भरावा लागेल. दिल्ली आरटीओचं एनओसी (फॉर्म २८), कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि चलनांची बाकी शून्य, हे तिन्ही हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. एनओसी 'होऊन जाईल' असं सांगणाऱ्या दलालाकडून तर नकोच.