बायकोची केमो सुरू आहे. जवळ जायचं की नाही? आणि मीही थकलोय, त्याचं काय?

आमच्या घरी हे झालंय, म्हणून मोकळं लिहितो. कॅन्सर स्पर्शाने, चुंबनाने, संबंधाने पसरत नाही. फक्त केमोनंतर दोन-तीन दिवस औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांत असतो, तेव्हा कंडोम वापरा. दिवस राहणं तर उपचारभर टाळायचंच. पाळी थांबली म्हणजे धोका टळला असं नाही. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट्स फार उतरल्या असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा.

कोरडेपणामुळे दुखतं, पण बायका बोलत नाहीत. पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं. हार्मोनचं क्रीम मात्र, विशेषतः स्तनाच्या कॅन्सरमध्ये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आमच्यात कित्येक महिने तसं काही नव्हतंच. ती पाठ फिरवून गाऊन बदलायची. मी रात्री तिच्या तळपायांना खोबरेल चोळायचो, एवढंच. एकदा म्हणाली, "अहो, नर्ससारखं नका चोळू!" कितीतरी दिवसांनी दोघंही हसलो.

आता तुमचं. पेशंटसोबत आलेल्याला 'जेवलात का' असं कुणी विचारत नाही. 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम द्या: गुरुवारचा डबा, रिपोर्ट आणणं. आठवड्यातली एक रात्र मेहुणीला नाहीतर बहिणीला बोलवा आणि दुसऱ्या खोलीत झोपा. (मला हे जमायला केमोच्या चार फेऱ्या गेल्या.) झोपच उडाली असेल तर टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.