दुसऱ्याच्या जमिनीची गोष्ट सांगताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

जुलै संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून निरोप सुरू होतात. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन. कुणाला व्हिडिओ करायचा असतो, कुणाला भित्तिपत्रक, कुणाला नुसतं स्टेटस ठेवायचं असतं. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यातला बराच काळ अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियावर गेला, म्हणून लोक मला विचारतात. विचारतात हे चांगलंच आहे. पण तेच तेच गैरसमज दरवर्षी येतात, म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देतो.

इंग्रजांनी आपल्यावरही राज्य केलं. मग ‘सेटलर कलोनियलिझम’ म्हणजे वेगळं काय? आणि मराठीत काय म्हणू? (पदवीचा विद्यार्थी, निपाणी)

मराठीत ‘वसाहत’ या शब्दाचा फार घोटाळा झाला आहे. औद्योगिक वसाहतही वसाहत आणि पोलीस वसाहतही वसाहत. हुबळी-सोलापूरकडे ‘सेटलमेंट’ म्हटलं, तर गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जिथे डांबलं ती जागा लोकांना आठवते. तिथे राहणारे कुणाची जमीन घ्यायला आले नव्हते, त्यांनाच कुंपणात घातलं होतं. म्हणून मी ‘ठाण मांडणारा वसाहतवाद’ असं म्हणतो.

फरक बेळगावातच उभं राहून समजेल. १८१८ मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, मग कॅम्प (लष्करी छावणी) बसवला, महसूल वसूल केला, १८२४ मध्ये कित्तूरला राणी चन्नम्मांशी लढले आणि १९४७ मध्ये गेले. त्यांना आपला महसूल आणि आपली मेहनत हवी होती. शेतकऱ्याला हाकलून बेळगावात लाखो इंग्रज शेतकरी आणून वसवायचे, असा बेत नव्हता. ऑस्ट्रेलियात १७८८ मध्ये इंग्रजांचा जो कॅम्प पडला, तो उठलाच नाही. तिथे आलेल्यांना जमीनच हवी होती, आणि जमीन हवी असली की तिथला माणूस अडचण होतो. ते कायद्यात धरून चालले की ही जमीन कुणाचीच नव्हती. हे गृहीतक तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी फेटाळलं, मेर बेटावरचे मूळ रहिवासी एडी माबो यांच्या जमिनीच्या हक्काच्या खटल्यात. खटला दहा वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा माबो हयात नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते वारले होते. व्हिडिओला एकच गोष्ट पुरणार असेल तर ही घ्या.

‘रेड इंडियन’ लिहिलं तर चालतं का? पाठ्यपुस्तकात होतं. (पालक, शहापूर)

नाही. ज्या लोकांबद्दल लिहिता त्यांचं नाव लिहा: चेरोकी, लाकोटा, दिने (ज्यांना बाहेरचे नावाहो म्हणतात). ‘एस्किमो’च्या जागी इनुइट.

‘ट्रेल ऑफ टीअर्स’चा मूळ फोटो मिळाला आहे, बर्फातून चाललेली माणसं. वापरू का? (डी.एड. विद्यार्थिनी, चिकोडी)

वापरू नका. चेरोकींना त्यांच्या जमिनीवरून हाकलून पश्चिमेला नेलं ते १८३८-३९ च्या हिवाळ्यात, त्या वाटेलाच ‘ट्रेल ऑफ टीअर्स’ म्हणतात, आणि फोटो काढायची पहिली पद्धत जगापुढे आली ती १८३९ मध्ये, पॅरिसला. त्या वाटेचा फोटो असूच शकत नाही. तुमच्याकडे आलं आहे ते एक तर चित्र आहे, नाहीतर दुसऱ्याच लोकांचा फोटो, नाहीतर संगणकाने बनवलेली प्रतिमा. खऱ्या दुःखाला खोटा पुरावा जोडला की नाकारणाऱ्यांचं काम सोपं होतं.

‘पृथ्वी माणसाची नाही, माणूस पृथ्वीचा आहे’ हे सिॲटल सरदाराचं पत्र आम्ही दरवर्षी परिपाठात वाचतो. मराठी भाषांतर ऑनलाइन टाकायचं आहे. (मुख्याध्यापक, खानापूर)

सर, ते पत्र नाही आणि त्यातले शब्दही त्यांचे नाहीत. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या दुवामिश आणि सुक्वामिश लोकांचे नेते सिॲटल १८५४ मध्ये बोलले, हे धरून चालता येतं. हेन्री स्मिथ नावाच्या माणसाने ते भाषण म्हणून काही छापलं ते १८८७ मध्ये, तेहतीस वर्षांनी. तुम्ही वाचता तो मजकूर त्याहूनही वेगळा. तो टेड पेरी यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका माहितीपटासाठी लिहिला. त्यात आगगाडीतून गोळ्या घालून मारलेले गवे आहेत. सिॲटल जिथे राहत तिथे गव्यांचे कळप नव्हते आणि तेव्हा आगगाडीही नव्हती.

मजकूर सुंदर आहे, मान्य. पण एका गोऱ्या लेखकाची वाक्यं एका मेलेल्या सरदाराच्या तोंडी घालून आपण ‘त्यांचा दृष्टिकोन’ म्हणून मुलांना ऐकवतो आणि जिवंत माणसं बोलतात ते ऐकत नाही, हे मला सहन होत नाही. कॅनडात मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत टाकलं. त्या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासमोर साडेसहा हजारांहून जास्त लोक बोलले. २०१५ मध्ये त्या आयोगाने ९४ मागण्या मांडल्या. परिपाठात रोज एक वाचली तरी तीन महिने पुरतील. जे वाक्य फॉरवर्ड होऊन येतं ते मुळात कुणी, कधी, कुठे म्हटलं हे सापडेपर्यंत टाकू नका. स्वतःला सापडत नसेल तर ग्रंथपालाला विचारा.

आमच्या सरकारी मराठी शाळेत ९ ऑगस्टला मुलं डोक्याला पिसं लावून, तोंड रंगवून नाचतात. यंदा जवळच्या सिद्दी वस्तीत जाऊन फोटो आणि व्हिडिओही घेतले आहेत. सगळं जोडून ‘आपले मूळनिवासी’ नावाने यूट्यूबवर टाकायचं आहे. मागे संगीत कोणतं लावू? (शिक्षिका, खानापूर तालुका)

बाई, संगीताचं नंतर पाहू.

त्या वस्तीत तुम्ही कुणाला काय विचारलंत? ‘फोटो काढू का’ हा प्रश्न पुरत नाही. शाळेच्या बाई दारात आल्या तर माणूस मान राखून हो म्हणतोच. ‘हा फोटो इंटरनेटवर जाईल, या नावाखाली, या गाण्याबरोबर, कुणीही कुठूनही पाहील आणि काढून टाकला तरी कुणाच्या तरी फोनमध्ये राहील, चालेल का?’ असा प्रश्न विचारायला हवा. त्यावर माणूस थांबतो, घरच्यांशी बोलतो, कधी नाही म्हणतो. तो नकार ऐकायची तयारी नसेल तर विचारण्यात अर्थ नाही.

आता नावाकडे या. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, पोर्तुगीजांनी आणि अरब व्यापाऱ्यांनी. बरेच जण गोव्यातून निसटून घाटातल्या जंगलात आले. आज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, खानापूर भागात ते राहतात, कोकणी-मराठी-कन्नड बोलतात आणि त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. बेळगाव आणि धारवाडमधल्या सिद्दींना तो २०२० मध्ये मिळाला, सतरा वर्षांनी. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले. तुमच्या शीर्षकात यातलं काय बसतं? अनुसूचित जमात हा आपल्या राज्यघटनेतला दर्जा आहे. ‘मूळनिवासी’ हा दावा आहे, आणि महाराष्ट्रात त्याचं स्वतःचं राजकारणही आहे. ‘इंडिजिनस’ हा संयुक्त राष्ट्रांतला शब्द. तिथे आदिवासींच्या हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिलं, पण देशातले सगळेच लोक मूळचे आहेत ही भूमिका सोडली नाही. विरोधात मत देणारे देश चारच होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ही चार नावं मुलांना फळ्यावर लिहायला लावा आणि हेच चार का, असं विचारा. नाचापेक्षा तो तास मुलांना जास्त दिवस लक्षात राहील.

पिसांचं सांगतो. लाकोटांमध्ये गरुडाचं पीस कमवावं लागतं, ते गावासाठी केलेल्या कामाचा मान असतो. आपल्याकडे कुणी वारकऱ्याची तुळशीमाळ फॅन्सी ड्रेससाठी घालून नाचला तर तुम्हाला कसं वाटेल, त्यावरून ठरवा.

आणि फोटो. एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराने १९०७ ते १९३० या काळात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींवर वीस खंड काढले. आज इंटरनेटवर फिरणारे तपकिरी, गंभीर चेहऱ्यांचे बरेच फोटो त्यांचेच. त्यातल्या एका फोटोत तंबूत दोन माणसं बसली होती आणि मधे एक घड्याळ होतं. छापताना ते घड्याळ पुसून टाकलं. घड्याळ असलेला माणूस ‘खरा इंडियन’ दिसत नव्हता ना! तुमच्या व्हिडिओतून काय पुसलं गेलं आहे ते पाहा. वस्तीतली मोटारसायकल, डिश अँटेना, शाळेचा गणवेश, कॉलेजला जाणारी मुलगी यांतलं काही तुम्ही कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवलंत का?

हे मी तावातावाने लिहितो आहे त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी मी एका सिद्दी आजींचा दमाम वाजवतानाचा फोटो काढला आणि चर्चासत्राच्या पत्रकावर छापला. दोन-तीन वर्षांनी त्यांचा नातू भेटला. म्हणाला, ‘आजी गेली तेव्हा हार घालायला घरात तिचा एकही फोटो नव्हता. तुमच्या पत्रकावर होता म्हणे.’ एक प्रतही मी त्या घरी दिली नव्हती. ऑस्ट्रेलियात अशा कार्यक्रमांच्या सुरुवातीला सूचना असते की यात मृत व्यक्तींची चित्रं आणि आवाज असू शकतात. कारण तिथल्या अनेक समाजांत गेलेल्या माणसाचं नाव आणि चेहरा काही काळ समोर आणत नाहीत. आपल्याकडे प्रथा वेगळी असेल, पण ती काय आहे ते विचारल्याशिवाय कसं कळणार?

म्हणून, बाई, व्हिडिओ थांबवा. वस्तीतल्या जाणत्या माणसांना आणि तिथल्या शिकलेल्या मुलांना भेटा. आधी त्यांना पूर्ण दाखवा, त्यांनी सांगितलेले बदल करा, नाव त्यांना ठरवू द्या, प्रत त्यांच्या हातात द्या. लहान मुलांचे चेहरे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. त्यांनी नकोच म्हटलं तर टाकू नका.

१९५६ पासून सीमाभागात आमच्यावर जे झालं तेही ‘सेटलर कलोनियलिझम’च आहे, असा व्हिडिओ मित्रांनी केला. खाली फार भांडणं झाली. आम्ही चुकलो का? (तरुण, येळ्ळूर)

शब्द चुकला. भाषेचा, कागदपत्रांचा, शाळांचा तुमचा जो प्रश्न आहे तो त्याच्या स्वतःच्या नावाने सांगा. त्याला १९५६ ची राज्य पुनर्रचना आहे, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. इथे मराठी आणि कन्नड शेतकऱ्यांचे बांध शतकानुशतकं एकमेकांना लागून आहेत. कुणी कुणाची जमीन ‘निर्मनुष्य’ ठरवलेली नाही. उसना शब्द घेतलात तर तुमचं म्हणणंही लंगडं होतं आणि ज्यांचा शब्द आहे त्यांचंही.

जमिनीचंच बघायचं असेल तर खानापूरच्या जंगलात जा. तिथले गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखत आले. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीबाहेरच्या माणसाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याने तो कशाने सिद्ध करायचा? भीमगड अभयारण्यातल्या गावांचा प्रश्नही तुमच्या गावापासून लांब नाही. त्यावर व्हिडिओ करा, पण तिथल्या लोकांना बोलू द्या. आणि सीमाप्रश्नावर काहीही टाकण्याआधी एकदा वकिलाला दाखवा. गुन्हा दाखल झाल्यावर दाखवून उपयोग नसतो.

गूगलवरचे फोटो फुकट असतात ना? (अनेक जण)

नसतात.

इंग्रजी लेखाचं मराठी करून नाव दिलं तर झालं ना? शिक्षणासाठीच आहे. (प्राध्यापक, बेळगाव)

नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिकवण्याच्या कामात शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला सवलत देतं, पण यूट्यूब म्हणजे तुमचा वर्ग नव्हे. लेखावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (म्हणजे काही अटींवर वापरायची आधीच दिलेली परवानगी) असेल तर अक्षरं नीट वाचा. ‘एनडी’ लिहिलं असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. समाजाच्या परंपरागत कथा-गाण्यांवर कायद्याने कुणाचा हक्क नसला तरी त्या समाजाचे नियम असतात. काही कथा ठरावीक ऋतूतच सांगतात, काही बाहेरच्यांना सांगतच नाहीत. लेखकाला दोन ओळींचं पत्र पाठवा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. शंका राहिली तर वकील.

आणि भाषांतर घाईने करू नका. इंग्रज आणि माओरी सरदार यांच्यातला न्यूझीलंडचा वैतांगी करार १८४० मध्ये एका रात्रीत माओरी भाषेत उतरवला. इंग्रजी मसुद्यात ‘सार्वभौमत्व’ दिलं होतं, माओरीत ‘कावानातांगा’, म्हणजे साधारण राज्यपालकी. बहुतेक सरदारांनी माओरी प्रतीवर सही केली. त्या एका शब्दाचा वाद आजही चालू आहे.

‘नेटिव्ह अमेरिकन प्राचीन ज्ञान’ असा ऑनलाइन कोर्स आहे, प्रमाणपत्रासह. सोबत ड्रीमकॅचर मिळतो. करू का? (गृहिणी, टिळकवाडी)

पैसे वाचवा. ड्रीमकॅचर मुळात ओजिब्वे लोकांचा, बाळाच्या पाळण्यावर टांगायचा. शिकवणारा कोणत्या राष्ट्राचा (म्हणजे लाकोटा, ओजिब्वे अशा कोणत्या समाजाचा), त्याला कुणी शिकवलं, शिकवायला कुणी सांगितलं, हे तीन प्रश्न कोर्सवाल्यांना लिहून विचारा. उत्तर आलं तर मला पाठवा. खोटा ‘इंडियन’ माल विकणं अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. इथे त्याला विचारणारं कुणी नाही, म्हणून हा बाजार चालतो.

मुलगा मेलबर्नला स्थायिक झाला आहे. तोही ‘सेटलर’ का? विचारून वाईट वाटतं. (निवृत्त शिक्षक, अनगोळ)

वाईट वाटून घेऊ नका, प्रश्न योग्य आहे. यावर अभ्यासकांत एकमत नाही. तुमच्या मुलाने जमीन लुटलेली नाही, पण तो राहतो ती जमीन कुलिन राष्ट्रातल्या लोकांची, आणि त्यांनी तिच्यावरचा हक्क सोडलेला नाही. फोनवर त्याला विचारा, तुझ्या उपनगरात मूळचे कोण, वुरुंजेरी की बुनुरोंग? त्याला ठाऊक नसेल तर तिथल्या पालिकेच्या संकेतस्थळावर सापडेल. पुढच्या वेळी नातवंडं सुट्टीला आली की त्यांनाच सांगायला लावा.

परवा कार्यक्रम आहे. आज रात्री स्क्रिप्ट पाहून द्याल का? (तिघांनी विचारलं)

नाही. एका रात्रीत मी फार तर शुद्धलेखन तपासेन, आणि ते माझं काम नव्हे. पुढच्या वर्षीची स्क्रिप्ट जूनमध्ये शाळा उघडली की पाठवा, आणि ज्यांच्याबद्दल लिहिली आहे त्यांच्यापैकी कुणी ती वाचली आहे का, ते वरच लिहा.