सततच्या ताणाने मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जाकेंद्रं, बिघडून नैराश्य येतं का? (भाऊ सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करतो, त्याला कोणीतरी कोएन्झाइम क्यू-१० हे मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा बनवायला लागणारं पूरक सुचवलंय.)

संबंध आहे, पण आधी ताण, मग मायटोकॉन्ड्रिया खराब, मग नैराश्य अशी सरळ साखळी माणसांत अजून सिद्ध झालेली नाही. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, आणि ती मुख्यतः पेशींतले मायटोकॉन्ड्रियाच पुरवतात. गंमत म्हणजे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनण्याची पहिली पायरीही मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या मायटोकॉन्ड्रियातच घडते. कॉर्टिसॉल थोडा वेळ वाढलं तर मायटोकॉन्ड्रिया निभावून नेतात. दीर्घकाळ चढंच राहिलं की त्यांची ताकद घटते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे मार्टिन पिकार्ड आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांच्या रक्तपेशी तपासल्या. इतर आयांच्या तुलनेत त्यांचे मायटोकॉन्ड्रिया कमजोर निघाले. मात्र आदल्या रात्री ज्यांचं मन प्रसन्न होतं, त्यांचे बरे भरले. म्हणजे मनाचा परिणाम पेशीवर होतो, हीही शक्यता धरायलाच हवी.

क्यू-१० बद्दल: नैराश्यावरचा उपचार म्हणावा इतका पुरावा नाही, आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय देऊच नका. जमल्यास दिवसपाळी मागून बघा, झोप मोडणं हाही ताणच. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर मात्र थांबू नका, आजच न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालू असतो.