बहिणीला दिलेलं उत्तर मागे घ्या

तुमचं पत्र लांब आहे, पण प्रश्न एकच. रात्री मध्येच जाग येते, आपण मरणार या विचाराने पुन्हा डोळा लागत नाही, आणि हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही. भीतीचं मूळ अविद्येत, म्हणजे अज्ञानात आहे हे योगसूत्रांत इतकी वर्षं वाचूनही ती जात नाही; मग हे मागच्या जन्मीचं कर्म असेल का?

योगसूत्रांच्या दुसऱ्या भागातलं, म्हणजे साधनपादातलं, नववं सूत्र पुन्हा उघडा. जगण्याला चिकटून राहणं, म्हणजे अभिनिवेश, आपसूक वाहत असतो आणि विद्वानातही तसाच रुजलेला असतो, असं पतंजलीच सांगतात. 'विदुषोऽपि'. वाचूनही भीती वाटते यात तुमचं काही चुकलेलं नाही. तो विषय इथेच सोडते.

मला खटकलं ते तुम्ही कंसात लिहिलेलं. धाकटी बहीण आजारी आहे. तिने विचारलं, "ताई, माझ्याच वाट्याला हे का?" तुम्ही म्हणालात, "कर्माचे भोग आहेत, शांतपणे भोगून संपव." तेव्हापासून ती फारशी बोलत नाही. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही प्राणायामाकडे वळलात!

अहो, तिने सिद्धांत विचारला नव्हता. ती घाबरली होती, तुम्ही रात्री घाबरता तशीच.

आणि सिद्धांत तरी पुरा कुठे सांगितलात? अविद्या, अभिनिवेश अशा क्लेशांतून कर्माशय, म्हणजे कर्मांचा साठा होतो, त्याचं फळ या जन्मी नाहीतर पुढे भोगायचं, इतकं त्याच पादातलं बारावं सूत्र (२.१२) सांगतं. कुठलं दुखणं कुठल्या कर्माचं, हे ठरवायला तुम्हाला कुणी बसवलं? लगेच पुढच्या सूत्रावर व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, म्हणते की कर्माची गती विचित्र आहे, कळायला अवघड आहे. तुम्हाला मात्र ती बहिणीच्या रिपोर्टवरून कळली. पहिल्या भागात, समाधिपादात (१.३३), दुःखी माणसासाठी करुणा सांगितली आहे, उपेक्षा सांगितली आहे ती अपुण्यासाठी, म्हणजे पापासाठी. आजारी बहिणीच्या वाट्याला तुम्ही यातलं काय दिलंत?

२.१२ वरच्याच भाष्यात आणखी एक गोष्ट आहे. भ्यालेल्या, आजारी, दीन माणसाला किंवा विश्वासाने जवळ आलेल्याला पुन्हा पुन्हा दुखावलं, तर ते पाप लगेच फळतं. तुम्हाला आणखी घाबरवायला हे लिहीत नाही. तुम्ही एकदाच बोललात, आणि दुष्टपणाने नक्कीच नाही. पण ती भ्यालेली आहे, आजारी आहे आणि विश्वासानेच तुमच्याकडे आली होती. तिच्या गप्प बसण्याकडे असंच बघत राहिलात, तर रोज तेच उत्तर पुन्हा दिल्यासारखं होईल.

आज संध्याकाळी तिच्याकडे जा. फोनवर नको. "त्या दिवशी मी बोलले त्यातलं मला काहीही माहीत नव्हतं, चुकलं माझं," एवढं म्हणा. मग तुमच्या रात्री कशा जातात ते तिला सांगा. ती रडली तर रडू द्या, एकही सूत्र तोंडातून काढू नका. आणि निघण्याआधी पुढची तपासणी कधी आहे ते विचारून घ्या. त्या दिवशी तिच्यासोबत तुम्ही जायचंय.